माळ्याला आतून कडी

आमच्या घरात भुताखेतांचा विषय कधी निघालाच नाही. भीती होती, भरपूर होती, पण ती जिवंत माणसाची, संध्याकाळी स्कूटरवरून घरी येणाऱ्या. कॉलेजात मैत्रिणी हॉस्टेलच्या गच्चीवरच्या गोष्टी रंगवून सांगायच्या, तेव्हा मला नवल वाटायचं की लोकांना घाबरायला एवढं लांब का जावं लागतं. मी नोएडाच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. या सदरातले वाचकांचे असले अनुभव वर्षानुवर्षं वाचत आले ते निव्वळ वाचायच्या सवयीनं. खरं सांगायचं तर एकावरही विश्वास ठेवला नाही. आता माझ्यावर कुणी ठेवावा असाही आग्रह नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते. जरा सावकाश लिहिते आहे, कारण दादाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

आधी थोडं जुनं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं लहानपण दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा एका मंत्रालयात होते. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, मधल्या बोळात बाथरूम आणि बाथरूमच्या वर माळा. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, गणपतीचं मखर, हिवाळ्यात कूलरच्या जाळ्या आणि उन्हाळ्यात रजया. त्याला लाकडी दार होतं, एका पल्ल्याचं.

बाबा रोज मारायचे असं नाही. रोज मारत असते तर कदाचित सोपं गेलं असतं. कधी ते जिलबी घेऊन यायचे, दादाला उचलून खांद्यावर बसवायचे. कधी दारातून आत येता येताच पट्ट्याला हात जायचा. कारण काय, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यामुळे आम्ही स्कूटर ऐकायला शिकलो. कोपऱ्यावरून वळताना ती कशी वळते, स्टँडवर लावताना किती जोरात आदळते, जिन्यावर पावलं कशी पडतात... आजही माझ्या फ्लॅटच्या जिन्यावरून कोण येतंय आणि कुठल्या मनःस्थितीत येतंय, हे मला दार उघडण्याआधी कळतं. माझ्या कलीग्जना याची गंमत वाटते.

स्टँडचा आवाज वाईट असला की दादा बाथरूममधल्या पिंपावर चढायचा, तिथून नळाच्या पाइपवर पाय आणि वर माळ्यावर. आतून दार ओढून घ्यायचा. माझ्यावर बाबांनी कधी हात टाकला नाही, का ते मला ठाऊक नाही. माझं काम खाली थांबायचं. थोड्या वेळानं वरून बोटाच्या पेरानं लाकडावर एक टक् यायची. म्हणजे — गेले का? बाबा घरात असले तर मी काहीच करायचं नाही. गेले असले तर बाथरूमच्या दारावर दोनदा टकटक करायची. म्हणजे — गेले, ये खाली. या बाबतीत मी त्याच्याशी कधीही खोटं बोलले नाही. आम्ही एरवी एकमेकांना चिकार फसवायचो, पेरूवरून, पेन्सिलीवरून. यात नाही.

बाबांना माळ्याचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी त्याला ओढून काढला असता, असं आम्ही धरून चाललो होतो. 'अवी कुठे आहे?' असं त्यांनी विचारलं की आई न बघता म्हणायची, 'खेळायला गेलाय.' एकदा हिवाळ्यात बाहेर गुडुप अंधार, धुकं, कॉलनीतलं एकही पोर बाहेर नाही. तरी आई तेच म्हणाली. बाबा जेवले, पेपर वाचला, पेपराची घडी घातली आणि उठले. 'मी जरा बाहेर जाऊन येतो.' हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मग स्कूटर सुरू व्हायची, कोपऱ्यावरून वळायची, आवाज पार संपायचा. मी दोनदा टकटक करायची. दादा केसात जळमटं घेऊन उतरायचा, आई पदरानं त्याचं डोकं पुसायची आणि दूध तापवायला ठेवायची. आम्हाला वाटायचं, आज नशीब चांगलं.

असं दादाच्या दहावीपर्यंत चाललं. पुढे तो बाबांपेक्षा उंच झाला आणि ते आपोआप थांबलं. थांबलं, असं आम्ही समजलो.

दादा मोठा सरकारी अधिकारी झाला. दिल्लीतच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला, लग्न केलं, रेवा झाली. आई गेल्यावर बाबांना स्वतःकडे ठेवून घेतलं. आणि सेवा केली हो, खरी सेवा. दाढी करून द्यायचा, नखं कापायचा, गुडघ्याला तेल लावायचा. पण बाबा सोफ्यावर असले की दादा कधी सोफ्यावर बसला नाही. दाराजवळ उभा राहायचा, हातात काहीतरी काम घेऊन. रेवाला त्यानं उभ्या आयुष्यात एक शब्द चढ्या आवाजात ऐकवला नाही. वहिनी वैतागायच्या, 'सगळा वाईटपणा मीच घ्यायचा का?' भांडण निघालं की हा बाथरूममध्ये. आणि बाबांनी नुसतं 'अवी' अशी हाक मारली, तरी जवळ जे काही असेल — टेबल, कपाट, दाराची चौकट — त्यावर त्याच्या बोटाचं पेर एकदा आपटायचं. टक्. पन्नाशीच्या माणसाचं. वहिनींना ती सवय वाटायची. मला वाटायचं नाही. पण मी तरी काय उत्तर देणार? बाबा समोरच बसलेले असायचे.

आम्ही दोघं यावर एकदाच बोललो. द्वारकेहून मी मेट्रोच्या ब्लू लाइननं परत निघाले होते, तो ऑफिसला चालला होता. दोघं दाराला टेकून उभे.

"वसू, ऑफिसात मला काय म्हणतात, माहीत आहे? महात्माजी. कुणी कितीही ओरडो, साहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसलं डोंबलाचं! अगं, कुणी आवाज चढवला की मी तिथे नसतोच. माळ्यावर जाऊन बसतो."

तो हसला. मीही हसले.

गेल्या जानेवारीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याला अटॅक आला. हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं.

मी द्वारकेला राहायला गेले. वहिनींचे धाकटे भाऊ, विलासराव, नागपूरहून आले. बाबांना वर्षभरापासून विसरायला होत होतं, कधी आईलाही हाक मारायचे. दादा गेला हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'बरं' म्हटलं आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले. कळलं की नाही, कुणालाच समजलं नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. हॉलमध्ये भेटायला आलेली माणसं, चहाचे कप. मी तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले होते. बाहेर पॅसेजमध्ये बाबांची काठी वाजली आणि ते खाकरले.

वरून टक्.

लाकडावर, आतून, बोटाच्या पेरानं. एकदाच.

मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. माझा हात आपणहून दाराकडे गेला होता, बोटं दुमडलेली होती, आणि दाराच्या वीतभर अलीकडे तो थांबला. कारण बाबा बाहेर होते. इतक्या वर्षांनंतर माझ्या हाताला नियम बरोबर आठवत होता. मी बेसिनला धरून उभी राहिले. पाणी तसंच वाहत होतं.

दादाच्या फ्लॅटमध्येही बाथरूमवर माळा आहे. त्यात काय, दिल्लीत बहुतेक फ्लॅटमध्ये असतो.

नंतर ते रोज व्हायला लागलं. बाबा खोलीतून बाहेर आले, काठी वाजली, की थोड्या वेळानं वर टक्. बाबा खोलीत झोपलेले असले की नाही. मी स्वतःला समजावत होते — शोक आहे, झोप नाही, कान वाजतात. पुस्तकांत असं सगळं असतं आणि ते बरोबरही असतं. मग एका सकाळी रेवा माझ्याजवळ येऊन बसली. बारावीत आहे. डोळे सुजलेले.

"आत्या, लॉफ्टमध्ये कुछ तो है."

"कबूतर असेल गं."

"कबूतर नॉक करतं का, यार? आणि तेही आजोबा बाहेर आले की?"

मी तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. दादानंही नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते. मला भीती वाटली ती आवाजाची नाही. ही पोर त्या काठीकडे कान लावून बसायला लागली होती, त्याची. आमच्यासारखी.

विलासरावांनी घडीची शिडी लावली. "उंदीर असंल. हिवाळ्यात येतात." वर चढून त्यांनी माळ्याचं दार ओढलं. मग जोर लावून ओढलं. "अरे, हे तर जाम होऊन राहिलं!"

"जाम कसं होईल? नोव्हेंबरात रजया काढल्या तेव्हा यांनीच उघडलं होतं," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्याला आतून कडी आहे ना."

"आतून? माळ्याले आतून कडी काहून लावली असंल भाऊजींनी?"

"मला काय माहीत! सुतारसुद्धा हसला होता. 'साहब, अंदर से? अंदर कौन बैठेगा?' यांनी काही उत्तर दिलं नाही. आणि अर्धा माळा रिकामा ठेवायचे, कायम. मी बडबड करायचे, रजया कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर? तर म्हणायचे, असू दे थोडी जागा."

विलासराव शिडीवरच होते. "पण ताई, मग आत्ता ही कडी लावली कुणी?"

त्यांनीच मग शिडी उतरत म्हटलं, "थंडीनं लाकूड फुगतं. धुकं किती पडून राहिलं." त्यानंतर ते बाथरूमला शेजाऱ्यांकडे जायला लागले. नळाचं निमित्त सांगून.

मला माहीत होतं काय करायला हवं. दोनदा टकटक करायची, बस. पण बाबा घरात असताना ती केली तर ते खोटं होणार. आणि तो खाली उतरला आणि समोर बाबा असले तर... वाचणाऱ्यांना हे वेडेपणाचं वाटेल. मलाही लिहिताना वाटतं आहे. पण त्या दिवसांत मला दुसरं काहीही सुचत नव्हतं. दादा मेला होता आणि तरीही तो लपून बसला होता, खालून कुणीतरी सांगायची वाट बघत. मी वहिनींना विचारलंसुद्धा, "बाबांना दोन दिवस माझ्याकडे नोएडाला नेऊ का?"

"आत्ता? सुतकात? वसुताई, दहावा तोंडावर आलाय. त्यांचा मुलगा गेलाय, आणि त्यांना घराबाहेर काढायचं?"

त्यांचं बरोबर होतं.

दहाव्याला आम्ही यमुनेच्या घाटावर गेलो. इथले मराठी गुरुजी सोबत होते. रेवानंच सगळं केलं. 'पिंड म्हणजे नक्की काय?' हे तिनं मला आदल्या दिवशी हळूच विचारून घेतलं होतं. उजाडून बराच वेळ झाला होता, पण धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दिल्लीत जरा अडचण होते. घारी येतात, कबुतरं येतात. कावळा मिळाला तर नशीब. नाहीतर दर्भाचा करू."

पण कावळा आला. पिंड ठेवल्यावर लगेच. येऊन पत्र्याच्या शेडच्या कडेवर बसला आणि तिथूनच खाली बघत राहिला.

"काही राहिलं असेल मनात. बोला एकेकानं," गुरुजी म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "रेवाचं शिक्षण मी पूर्ण करीन. काळजी करू नका." विलासराव म्हणाले, "भाऊजी, ताईले एकटं पडू देणार नाही. शब्द आहे आपला." रेवा हात जोडून म्हणाली, "बाबा, मी नीट अभ्यास करीन. फोन कमी वापरेन. प्रॉमिस." आणि रडायला लागली. कावळा हलला नाही. आम्ही सगळे त्या पन्नाशीच्या माणसाला वचनं देत होतो — बायकोचं, मुलीचं, संसाराचं.

बाबांना सगळ्यांत पुढे उभं केलं होतं. माकडटोपी, शाल, काठी. गुरुजी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही वडील. तुम्ही बोलवा."

बाबांनी मान वर केली. "अवी," ते म्हणाले, "ये रे."

म्हाताऱ्याचा आवाज, थरथरता. पण हाक तीच. कावळा शेडच्या कडेवरून उडी मारून मागे सरकला. इतका मागे, की खालून फक्त त्याची चोच दिसत राहिली.

मला एवढंच म्हणायचं होतं — बाबा, तुम्ही जा. पण पोराच्या पिंडासमोरून त्या माणसाला जा म्हणायचं? ज्याचं सगळं आयुष्य आता विस्कटून गेलं आहे, ज्याला काल काय झालं तेही आठवत नाही? गुरुजींनी दर्भ हातात घेतला होता. दर्भाचा कावळा झाला की सगळे घरी जाणार, आणि तो वरच राहणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात बाबा वळले.

"मी जरा बाहेर जाऊन येतो."

"काका, आता कुठे?" विलासराव पुढे झाले. "खुर्ची आणतो ना, बसा इथंच."

"नको. मी जाऊन येतो."

ते निघाले. कुणाचा हात धरला नाही. मी मागे वळून बघितलं नाही, ऐकत राहिले. काठी पायऱ्यांवरून वर गेली, मग फरशीवरून, मग फाटकापाशी. गाडीचं दार उघडलं. लागलं. तरीही मी थोडी थांबले. लहानपणी थांबायची तशीच, आवाज पार संपेपर्यंत.

मग खाली वाकून घाटाच्या दगडावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली.

कुणाचं लक्ष नव्हतं. पत्र्यावर नखं वाजली. कावळा कडेवर आला, एकदा फाटकाच्या दिशेनं मान वळवून बघितलं आणि सरळ खाली उतरला. पिंडावर. वहिनींनी पदर तोंडाला लावला. रेवानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

घरी आलो तर बाथरूमवरच्या माळ्याचं दार उघडं होतं. सताड नाही, माणूस उतरल्यावर पल्ला जसा अर्धवट राहतो, तसं. वहिनी, रेवा, विलासराव, तिघांनीही बघितलं. विलासराव म्हणाले, "ऊन पडलं ना जरा, लाकूड सुकलं असंल." ऊन पडलं नव्हतं. त्यानंतर तो आवाज कुणालाही आलेला नाही. बाबा आता माझ्याकडे नोएडाला असतात. रेवा परवा फोनवर म्हणाली की ती बाथरूममध्ये गाणी म्हणायला लागली आहे, वहिनी ओरडेपर्यंत. मला बरं वाटलं.

लाकूड थंडीत फुगतं आणि सुटतं. कावळा भुकेला असतो, गर्दी कमी झाली की उतरतो. आवाजाचं म्हणाल तर शोकात दोन माणसांना एकच भास होऊ शकतो, असंही मी वाचलं आहे. एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण मधलं एक सांगायचं ठेवलं आहे.

कावळा शिवल्यावर मी बाबांना सांगायला गाडीपाशी गेले. ते मागच्या सीटवर ताठ बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये, नजर समोर. मी दार उघडलं. त्यांनी 'शिवला का' असं विचारलं नाही.

"उतरला का माळ्यावरून?"

मी म्हटलं, "हो, बाबा. उतरला."

"दूध दे त्याला," ते म्हणाले. मग टोपी कानांवर ओढून घेत, "आता जायला हरकत नाही घरी."

त्यांना माळ्याचं कुणी सांगितलं? आईनं? की धुक्यातल्या त्या संध्याकाळी, पेपराची घडी घालताना, त्यांना माहीतच होतं? आणि माहीत असेल, तर तो प्रत्येक वेळी खाली येईपर्यंत हा माणूस स्कूटर घेऊन कुठे थांबायचा? मी अजून विचारलेलं नाही. त्यांच्या खोलीत जाण्याआधी मी आजही दाराबाहेर उभी राहून आधी कानोसा घेते. आणि तोवर विचारायचं राहून जातं.